ओपांचं घराणं

घराण्याचं कौतुक कुणी करू लागलं की ओपा रहदारी थांबवणाऱ्या पोलिसासारखा उजवा हात वर करायचे. म्हणायचे, "आधी पूर्ण ऐका."

जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. जन्माने डच, जर्मन बायको कधीच वारलेली. ओपा म्हणजे आजोबा, डचमध्येही आणि जर्मनमध्येही. आमच्या मुलीने ठेवलेलं ते नाव सगळ्या इमारतीने उचललं. ते सरदार घराण्यातले आहेत, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळलं. दारावरच्या पाटीवर त्यांनी पदवी गाळून नुसतं आडनाव लावलं होतं.

एकदा पुण्याहून माझे सासरे आले होते. निवृत्त तहसीलदार. ओपा चहाला आले. बोलता बोलता निघालं, की यांचे खापरपणजोबा समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधांचे कारभारी, पणजोबा प्रांताचे गव्हर्नर, आजोबा गावचे नगराध्यक्ष. सासरे खूश झाले. "वा! पिढ्यानपिढ्या लोकांची सेवा. खानदानी माणूस!"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. हात वर गेला.

"आधी पूर्ण ऐका. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या तेव्हा आजोबा खुर्चीत होते. खुर्चीतच राहिले. गावातल्या ज्यू कुटुंबांना घराबाहेर काढायला गावचेच पोलीस गेले, आजोबांच्या हुकमाने. आजोबांच्या घरासमोरच्या शिंप्याचं घरही रिकामं झालं. त्यातलं कुणी परत आलं नाही."

सासरे हळूच म्हणाले, "त्यांनी खुर्ची सोडली असती, तर दुसरा कुणी आला असता. त्याहून वाईट."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ओपा म्हणाले. "आजोबाही मरेपर्यंत हेच म्हणत होते. मला मांडीवर घेऊन म्हणायचे. फार प्रेमळ माणूस होता."



पुढे त्या गावाने नव्या पुलाला घराण्याचं नाव द्यायचं ठरवलं. ओपांना बोलावणं आलं. चुलत बहिणीने फोनवर विनवलं, "एवढा एक दिवस गप्प राहा." ते गेले आणि माईकसमोर उभं राहून शिंप्याच्या कुटुंबाचं सगळं सांगून आले. पुलाचं नाव बारगळलं. बहिणीने बोलणं टाकलं. त्यांच्या रक्ताचं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

मी विचारलं, "आता हलकं वाटत असेल ना?"

"नाही. मी बोललो म्हणून मला टाळ्या मिळाल्या. त्याचीच लाज वाटते. शिंप्याला काय मिळालं?"

गेल्या हिवाळ्यात ओपा गेले. घराण्याची दफनभूमी हॉलंडमध्ये आहे, पण त्यांनी इथेच, बायकोशेजारी जागा मागून ठेवली होती. आम्ही मोजके शेजारी जमलो होतो. सगळ्यांच्या मागे काळ्या कोटातली एक म्हातारी काठी टेकून उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि तुटक जर्मनमध्ये म्हणाली, "मी त्याची चुलत बहीण. शेवटी तो शांत होता का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तिच्याकडे पाहून मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "मीही नाही," म्हणाली. मग काठी माझ्या हातात दिली आणि कबरीत टाकायला मूठभर माती घेण्यासाठी वाकली.