सासूबाईंचे स्टीलचे कठडे

माझ्या सासूबाईंचा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर तो त्यांच्या हातात असतो. डोकं फिरलं की त्या काहीतरी उचलतात आणि आपटतात: बादली, फावडं, गोठ्याचं दार. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ह्या घरात एक वस्तू धड राहायची नाही. पण माणसावर किंवा मेंढीवर त्यांनी कधी हात उगारला नाही. सासरे गेल्यावर मेंढ्या विकून टाका म्हणून दीर-जावा मागे लागले, तर सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि नंतर कपबशा अशा काही विसळल्या की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्यामुळे मेंढ्या आम्हा दोघींच्याच गळ्यात. त्यांना जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, तर आधी कळप कोंडावा लागतो आणि त्यासाठी सुटे कठडे लागतात. कमरेएवढी उंच, आडव्या नळ्यांची चौकट, दोन्ही टोकांना कड्या. कड्यांत सळई सरकवली की एक दुसऱ्याला जोडला जातो आणि हवा तिथे मेंढवाडा उभा राहतो. सासऱ्यांनी केलेले लाकडी कठडे कुजले होते. मागच्या खेपेला अर्धा कळप ते मोडून पळाला. तेव्हा नवरा अगदी शांतपणे म्हणाला, पुढच्या औषधाला तुम्हा दोघींना जमलं नाही तर मेंढ्या विकतो. त्याचं ते शांत बोलणंच माझ्या डोक्यात जातं. मेंढ्या गेल्यावर त्याच्या आईने दिवसभर काय करायचं होतं, खिडकीत बसून रस्ता बघायचा?

म्हणून आम्ही दोघी शेतीसामानाच्या दुकानात गेलो. माझं मन ॲल्युमिनियमवर होतं, कारण तो कठडा एका हातात उचलता येतो. सासूबाईंचं म्हणणं, हलका कठडा मेंढा खालून डोकं घालून उचलून टाकेल. स्टीलचा ठेवला की ठेवला, धडक बसली तरी हलत नाही. ह्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, कोपऱ्यांना खुंट्या ठोकू आणि दोरीने बांधू. त्या "हूं" म्हणाल्या. सासूबाईंचं हूं म्हणजे निम्म्याहून जास्त होकार असतो.

तेवढ्यात दुकानदार आला. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "बायकांनी ॲल्युमिनियमच न्यावं. स्टील म्हणजे पुरुषांचं काम, आजी."

सासूबाईंनी स्टीलचा एक कठडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या बुटांपाशी आदळला.

"हेच द्या. सगळे हेच."

मी त्यांचं कोपर धरलं, ते त्यांनी झटकलं. मी दात-ओठ खात पैसे मोजले.

टेम्पोवाला कठडे अंगणात उतरवून निघून गेला. मेंढ्या असतात वर, माळाच्या टोकाला. एकेक कठडा आम्ही दोघी दोन टोकांना धरून नेत होतो. तीन-चार नेले आणि माझी कंबर धरली. सासूबाईंचं एकदा मोडून बसलेलं मनगट टम्म सुजलं. मला राहवेना. तुमच्या एका फणकाऱ्यापायी कळप जाणार, असं तोंडावर सांगितलं. त्यावर त्या वळल्या, एकट्याने पुढचा कठडा उचलायला गेल्या आणि तो पायावर पाडून घेतला. अंगठा काळानिळा झाला. मी गार पाणी आणून पाय धुतला, पट्टी बांधली, आणि सगळा वेळ माझा संताप कमी व्हायचं नाव घेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली, कठडे लादले आणि मी एकटीनेच दुकान गाठलं. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदार मला बघून खुशीत आला. बदलून देतो म्हणाला, पण आधी त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"सांगा बरं, काल कोणाचं खरं होतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजनाबद्दल त्याचं खरंच होतं, हेच तर जास्त झोंबत होतं. हाताशी स्टीलचा कठडा होता. तो कुठे आदळायचा हेही मला दिसत होतं. पण त्याचबरोबर रिकामा माळ दिसला, आणि खिडकीत बसलेल्या सासूबाई दिसल्या.

"तुमचं," मी म्हणाले.

गिऱ्हाइकं हसली. मी मान खाली घालून ॲल्युमिनियमचे कठडे गाडीत चढवले. मदतीला कोणी पुढे आलं नाही, आणि आलं असतं तर मी हात लावू दिला नसता.

घरी येताना वाटेत एक थाप रचून ठेवली. दुकानदाराने माफी मागितली म्हणायचं, आजींचा हात कसा आहे विचारलं म्हणायचं. सासूबाई अंगणात लंगडत आल्या. एक कठडा त्यांनी एका हाताने उचलला, उलटासुलटा केला, खाली ठेवला. मला वाटलं आता आपटणार.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे बघून मला थाप मारता येईना. सगळं शब्दन् शब्द सांगितलं, गिऱ्हाइकं हसली तेसुद्धा.

"आणि तू?"

"तुमचं खरं, म्हणाले."

त्यांनी खाली वाकून कठड्याची कडी बोटाने चाचपली.

"मला नसतं जमलं," त्या म्हणाल्या.

दुकानात आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं, आणि तेही रागाचंच. सासूबाई माझी समजूत काढायला थांबल्या नाहीत. एका हातात कठडा आणि दुसऱ्यात खुंट्या घेऊन त्या लंगडत माळाकडे निघाल्या. मी डोळे पुसले, दोन कठडे उचलले आणि त्यांच्या मागोमाग गेले.