नदी सरकली, भांडण जागेवरच

लोक जुने नकाशे घेऊन समुद्रकिनारे धुंडाळतात. कुठली पुळण वाहून गेली, कुठली खाडी बुजली, ते पाहतात. जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या बाईच्या नशिबी समुद्र कुठला? मी निघाले बोरी नदीचा जुना काठ शोधायला, तोही आखाजीच्या (अक्षय्यतृतीयेच्या) सकाळी, डोकं उकळणाऱ्या उन्हात. कारण विचाराल तर एक भांडण नीट व्हावं म्हणून.

भांडण माझ्या मावशीचं. तिला सगळे अक्का म्हणतात. तिचं गाव खुर्द, समोरचं बुद्रुक. मूळ नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर दोन्ही गावं माझ्या दारात येतील. आखाजीला दोन्हीकडच्या बायका गौराई बोळवायला नदीवर येतात आणि आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. नियम एकच, मध्ये नदी हवी. नदी ओलांडून आलेली शिवी कुणी मनाला लावून घेत नाही.

पण मागे एका पुरात बोरीने कूस बदलली आणि ती बुद्रुकच्या पाठीमागून वाहू लागली. दोन्ही गावं एकाच काठाला आली. गेल्या आखाजीला बायका सवयीने जुन्या जागीच जमल्या. मध्ये पाणी नाही, हे तोंड सुटलेल्या अक्काच्या लक्षातच राहिलं नाही. बोलत बोलत ती पुढे सरकली आणि तशाच पुढे आलेल्या विहिणीच्या, म्हणजे सोनाबाईच्या, नाकासमोर उभी राहून म्हणाली की तुझी पुरणपोळी ट्रॅक्टरच्या चाकाला चढवावी, जन्मात पंक्चर व्हायची नाही. हेच काठावरून ऐकलं असतं तर सोनाबाईने दुप्पट परत केलं असतं. हातभर अंतरावरून ऐकल्यावर तिने तोंड फिरवलं. तेव्हापासून अक्काची लेक रंजना, सोनाबाईची सून, माहेरी आलेली नाही. आणि माहेर हाकेच्या अंतरावर.

"तू भूगोल शिकाडस (शिकवतेस) ना?" अक्काचा फोन आला. "मंग आमनी नदी कोठे व्हती ते दखाडी दे. मधमा नदी व्हती आसं ठरनं तं मनी शिवी खेळमा जमा व्हई. आखाजीले मनी आंडेर (लेक) घर येवाले पाहिजे."

शेवटचं वाक्य बोलताना ती रडली. अक्काला रडता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही.

माझे सासरे पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या नळकांड्यात त्या भागाचे दोन जुने नकाशे निघाले. एक त्यांच्या नोकरीच्या काळातला. दुसरा त्याहून कितीतरी जुना, पापडासारखा कडक, उघडायची हिंमत झाली नाही. नळकांडं खांद्याला अडकवून एसटीत चढले तर कंडक्टर म्हणाला, "ताई, बंदूक असेल तर लगेज लागेल." आत नदी आहे म्हटल्यावर त्याने मुकाट्याने तिकीट फाडलं आणि पारोळ्यापर्यंत माझ्याकडे फिरकला नाही.

पारोळ्याला किल्ल्याजवळ उसाचा रस प्यायले आणि काळी-पिवळी पकडली. तिच्यात शेजारच्या आजींचं गाठोडं आणि माझं नळकांडं यांची गाव येईपर्यंत कुस्ती चालली होती.

नदीच्या जुन्या पात्रात आता गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, आबांची, उन्हाळी बाजरी उभी आहे. बांधावर नकाशा उघडला तोच आबा धावत आले.

"हायवेवाला शेत (आहात) का तुम्ही?"

"नाही आबा, नदीवाली."

"नदी तथी गई," त्यांनी बुद्रुकपलीकडे हात केला. "मोठा मुश्किलमा गई. तिले परत बलावू नका."

नकाशात खुणेला एक विहीर होती. समोरच्या विहिरीपासून मोजत गेले तर नदी थेट आबांच्या गोठ्यातून निघाली. मागे जमलेल्या बायका खूश झाल्या, म्हशी नाही झाल्या. मग कळलं, नकाशातली विहीर कधीच बुजली, ही नवी खोदलेली. पुन्हा महादेवाच्या देवळापासून सुरुवात केली. देव सहसा जागा बदलत नाहीत, एवढ्याच भरवशावर माझा भूगोल टिकला. या वेळी दोन्ही काठ बाजरीच्या दोन्ही बांधांवर आले. अक्काने चुलीतली राख मागवली आणि बायकांनी काठ आखून टाकले.

तेवढ्यात बुद्रुककडून सोनाबाई आली, तिच्यामागे मान खाली घालून रंजना. सोनाबाईने आधी माझ्या नळकांड्यात डोकावून पाहिलं.

"मांगला सालले आम्ही कोठे हुभ्या व्हतूत, तेवढं सांग," ती म्हणाली आणि बाजरीमधल्या पायवाटेवरची जागा दाखवली.

मी नकाशा पाहिला. पुन्हा पाहिला. खोटं बोलायची फार इच्छा होती, पण निम्मं गाव माझ्या खांद्यावरून डोकावत होतं. दोघींच्या मध्ये नदी नव्हतीच. दोघीही नदीच्या मधोमध उभ्या होत्या. तसं सांगितलं. अक्काचा चेहरा पडला.

सोनाबाईने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे आम्ही दोन्ही पानीमा व्हतूत?"

"हो. डोक्यावरून पाणी."

तिने या बांधापासून त्या बांधापर्यंत नजर फिरवली. मग अक्काकडे न बघता म्हणाली, "बुडती बाई काहीबी बरळस. तिनं काय मनवर लेवानं?"

आणि तरातरा पलीकडच्या बांधावर जाऊन, राखेच्या रेघेमागे उभी राहून ओरडली, "ओ खुर्दवाली! तुनी पुरणपोळी खाईसन आमना कुत्रानी गाव सोडं!"

अक्का हसली की रडली, मला कळलं नाही. रंजना पदर खोचून पायवाटेने माहेरच्या बांधावर आली, आईच्या गळ्यात पडली, मग वळली आणि तिने सासूला जी शिवी घातली ती इथे छापता येणार नाही. आबा बाजरी सोडून ऐकत राहिले. पलीकडून सोनाबाईने टाळी वाजवली. "शिकाडेल शे मी तिले!"

उन्हं कलल्यावर दोन्ही घरी आमरसाबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या खाल्ल्या. ट्रॅक्टरच्या बाबतीत अक्का अगदीच चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जळगावला परतले. ओल्या फडक्याखाली ठेवून तो कडक नकाशा हळूहळू उलगडला. बोरी नदी त्यात आज वाहते तिथेच होती. खुर्द नव्हतं, बुद्रुक नव्हतं. एकच गाव होतं, एकच नाव. नदी मध्ये शिरली, काही पिढ्या राहिली आणि आपल्या घरी परत गेली. मला अंघोळ करायचंही सुचेना. एका गावातल्या बायका वर्षभर अबोला धरू शकतात, मोकळ्या मनाने शिव्या द्यायला मात्र पलीकडचं गाव लागतं.

तेवढ्यात अक्काचा फोन. रंजना अजून झोपलेली आहे, तिला मुद्दाम उठवलं नाही. "आनी तुना तो दुसरा कागदमा काय शे? सोनाबाई इचारस."

"काही नाही अक्का," मी नकाशा गुंडाळत म्हणाले, "तो समुद्राचा आहे."