रांगेत शेवटी उभा राहिलो त्याची गोष्ट

आमची पलटण टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे अर्धवेळची. एरवी मी लातुरात पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतो. बोलावणं आलं की वर्दी चढवायची आणि नायब सुभेदार व्हायचं. बोलावणं किती दिवसांचं, हे ब्रह्मदेवाला विचारलं तर तोही कान खाजवील.

त्या खेपेला कॅम्प नांदेडला होता आणि बायकोला नववा महिना. दर रविवारी अप-डाऊन करून करून रस्त्यातले खड्डे मला रामराम घालायला लागले होते. कॅम्प संपत आलेला. त्या रविवारी संध्याकाळच्या हजेरीला कर्नलसाहेब स्वतः येणार होते. घरी कोण जाणार आणि वर्षभरासाठी काश्मीरला कोण, हे तिथंच ठरणार होतं. उशिरा येणाऱ्याचं काश्मीर पक्कं, अशी बोलवा होती.

"तुम्ही आल्याबिगर मी बाळंत होणार न्हाई," बायकोनं दारातच बजावलं.

"अगं, हजेरी देतो अन् आठवड्यात घरी."

"हाव. मागल्या वेळीबी असंच म्हणला होता."

नांदेडला परतताना लोहा गावाच्या अलीकडं आमच्या एसटीखाली तोफ डागल्यासारखा आवाज झाला. टायर गेलं. तेवढ्यात आमच्या हवालदाराचा फोन. "साहेब, कुठं हाय? मैदानावर चुना मारून झाला."

"पोचलोच समज," मी म्हणालो. चारी बाजूंना नुसतं सोयाबीन.

मागून दुसरी एसटी आली, तीही खच्चून भरलेली. आमच्या गाडीतली माणसं दाराला अशी झोंबली की दरवाजा उखडून हातात येतो की काय! माझ्या अंगावर वर्दी. वीस वर्षांची खोड, तोंडातून आपोआप गर्जना निघाली, "एक लाइन! आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या!" सोयाबीनमधली पाखरंसुद्धा रांगेत उडाली असतील. लोक गपगुमान उभे राहिले. एकेकाला दंडाला धरून मी वर चढवलं. फौजेत जेवणं असो की गाडीत चढणं, सुभेदाराचा नंबर शेवटचा. तो येईपर्यंत पायरीवर बोट टेकायला जागा उरली नव्हती.

"मेजर, आता तुमाला कुठं घेऊ? टपावर?" कंडक्टरनं घंटी ओढली. खिडकीतून एक आजी ओरडली, "देव तुझं भलं करो, लेकरा!" गाडी गेली.

पुन्हा फोन. "साहेब, कर्नलसाहेबांची गाडी गेटातून आत आली."

हात हलवून हलवून खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा हळदीच्या पोत्यांचा एक टेम्पो थांबला. पोत्यांवर पालथा पडून मी नांदेड गाठलं. वाटेत थाप जुळवत होतो: पूल वाहून गेला, वाघ आडवा आला, पुलावरच वाघ आडवा आला. यातली कुठली चालेल?

मैदानावर पलटण उभी, समोर कर्नलसाहेब. डोक्यापासून बुटापर्यंत पिवळाजर्द मी धावत जाऊन सॅल्यूट ठोकला.

"क्या साब, शादी है?" साहेबांनी विचारलं. रांगेतून खुसखुस झाली. साहेब स्वतः हसले नाहीत. "देर क्यों हुई?"

वाघ जिभेवर आला होता. पण त्या माणसाची नजर अशी, की वाघ शेपूट घालून परत गेला. मी खरं ते सांगून टाकलं.

माझ्या कानात बायकोचं 'तुम्ही आल्याबिगर' वाजत होतं.

"सबको चढ़ाकर खुद सड़क पर रह गए?"

"जी साब."

त्यांनी माझ्या खांद्यावरची हळद झटकली. "मुझे ऊपर कश्मीर में ऐसा ही आदमी चाहिए. एक साल."

फोनवर बायकोला सगळं सांगितलं, अगदी टायरपासून.

"दोन महिने घरी राहून मग जायचं, अशी परवानगी घेतलीय," मी घाईघाईनं म्हणालो.

"ही थाप हाय की खरं?"

"खरं."

"जन्मभर थापा मारल्या," ती म्हणाली, "अन् आज त्या साहेबापुढंच खरं बोलायचं सुचलं तुम्हाला?"

आणि रडता रडता फोन ठेवला.