बाबांचं बोट

बाबांची रात्रपाळी असली की कुरुळीच्या आमच्या एका खोलीत दिवसभर चिडीचूप. खिडकीला वर्तमानपत्र लावलेलं, मिक्सर बंद, कुकर शेजारणीच्या गॅसवर. भाऊ आणि मी भांडायचो तेसुद्धा खाणाखुणांनी. आई दटावायची, "बाबा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर असतात. झोप झाली नाही तर हात आत जाईल." लहान पोरांना असं कोणी सांगतं का? पण आमच्या चाळीतल्या सगळ्याच आया सांगायच्या, आणि पोरं गप्प बसायची.

एका दुपारी भावाचे हातवारे बघून मला हसू आवरेना. मी खिदळले. बाबा उठून बसले, मग चादर तोंडावर ओढून पुन्हा आडवे झाले, पण झोप काही लागली नाही. त्याच रात्री प्रेसखाली त्यांचं बोट गेलं. दवाखान्यातून आल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "सांगत होते ना." त्यानंतर मला कधी दटावावं लागलं नाही. पाहुण्यांत माझं कोण कौतुक, पोरगी आवाज म्हणून करत नाही. डोंबलाचं कौतुक!

पुढे शिकले, चाकणला कंपनीत लागले, आणि अंथरूणच सुटेना. आंघोळ नको, जेवण नको, माणसं तर नकोतच. आई म्हणाली आळस, आत्या म्हणाली लग्न उरकून टाका. मी एकटीच थेरगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या, लहानपणाचं विचारलं. तिथे पहिल्यांदा बोटाचं तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, बाबांना एकदा विचारून बघा. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की दोष माझा नव्हता.

सुट्टीच्या दिवशी बाबा शेंगा फोडत बसले होते, तेव्हा विचारलं. ते गोंधळलेच.

"झोपेचा काय संबंध? हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर होता. माल निघेना म्हणून सुपरवायझरनं तो बंद करून ठेवलेला. सगळ्या पाळीला माहीत होतं."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढंसं काय मनाला लावून घ्यायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी वाटलं, आता तरी मोकळी होईन. कसलं काय, दुसऱ्या दिवशी उठणं आणखीच जड गेलं. इतकी वर्षं राग काढायला निदान मी स्वतः तरी होते, आता तो कोणावर काढू?