चष्म्याला तंबाखू

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणसे अविचाराने चुकतात, असा सर्वसाधारण समज आहे. मी मात्र पूर्ण विचार करून, प्रयोगाने पडताळा घेऊन चुकलो! आणि कुठे? तर नदीच्या वाळूत, माझ्या गुरुजींच्या चितेसमोर.

सत्तरचे दशक संपत आले होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी तुमसरला नोकरीची वाट पाहत बसलो होतो. बपेरा गावचे गुरुजी, ज्यांनी मला पाढ्यांपासून घडवले, ते दोन वर्षे अंथरुणावर होते. शेवटच्या भेटीत त्यांनी एक कागद घडी घालून, डिंकाने चिकटवून माझ्या हाती दिला.

"माह्या शोकसभेत तू हा वाचजो. तिथंच उघडजो. आधी नाही."

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. चिता पेटली की तिथेच शोकसभा भरते. हयातभर ज्याने मृताशी भांडण केले, तोही उभा राहून त्याला देवमाणूस ठरवतो. गुरुजींनी अशा सभा पुष्कळ ऐकल्या होत्या. म्हणून स्वतःचे शेवटचे शब्द त्यांनी स्वतःच लिहिले, आणि ते वाचण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी वचन दिले.

जानेवारीत निरोप आला. मी पहाटेची पहिली एस.टी. धरली. धुके एवढे, की रस्ता आहे हे केवळ खड्ड्यांवरून कळत होते! आणि माझी अडचण वेगळीच. चष्म्याशिवाय मला माणूस आणि पळसाचे झाड यांतला फरक हालचालीवरून ओळखावा लागतो. थंडीत चष्मा घालून बोलू लागलो, की श्वासाची वाफ काचेवर धरते. मग कागद वाचायचा कसा?

तेवढ्यात ड्रायव्हरने कसलीशी ओली पुरचुंडी काढली आणि समोरची काच आतून घासली. काच स्वच्छ!

"हे काय आहे हो?" मी पुढे सरकून विचारले.

"बिडीची तंबाखू, साहेब. भिजवाची अन् घासाची. मंग वाफ धरत नाही."

"याचे कारण काय असावे?"

"कारण तुमी शोधा जी. मले गाडी बपेऱ्याले न्याची आहे."

मी थोडी तंबाखू मागितली. देताना तो म्हणाला, "डोळ्याले हात नोका लावजा, बाप्पा!"

ही सूचना मी ऐकली. परंतु ती तोंडी होती, आणि तिला पुरावा नव्हता.

मी पद्धतशीरपणे फक्त उजव्या काचेला तंबाखू लावली. डावी तशीच ठेवली. दोन्हींवर सारखा श्वास सोडला. डावी आंधळी झाली, उजवी लख्ख राहिली! वाटेतला नाकाडोंगरीचा थांबा येईपर्यंत हा प्रयोग मी तीनदा केला. तिन्ही वेळा निष्कर्ष एकच. तेव्हा कुठे डाव्या काचेला हात लावला. सांगा, याहून अधिक काळजी माणसाने काय घ्यावी?

नदीवर चिता पेटली. सरपंचांनी माझे नाव पुकारले. मी उभा राहिलो, कागद काढला, आणि घसरलेला चष्मा नीट केला. त्याच बोटाने डोळ्याचा कोपरा पुसला.

काय सांगू! डोळ्यात निखारा पडावा तसे झाले. मी दुसरा डोळा चोळला, तर तोही पेटला. त्यात काचेवर साचलेले दव तंबाखूसकट खाली ओघळू लागले. दोन्ही डोळ्यांतून धारा. तेच पाणी घशात उतरून ठसका. हातातला कागद उघडलासुद्धा नव्हता.

"पोट्टा पाहा कसा रडून राहिला!" मागून कोणीतरी म्हणाले.

"तं... तं..." मी खुलासा करू पाहत होतो.

"बोलता बी येत नाही बिचाऱ्याले."

सरपंचांनी मला पोटाशी धरले. "राहू द्या, साहेब. कागदात काय ठेवलं आहे? तुमच्या डोळ्यानं सारं सांगतलं!" असे म्हणून त्यांनी कागद माझ्याच खिशात कोंबला, आणि स्वतः हुंदके देऊ लागले. मग साथच आली! शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून गुरुजींना कोर्टात खेचणारा त्यांचा शेजारी वाळूत बसून रडला. दोन वर्षांत ज्यांनी त्या दारात पाऊल टाकले नव्हते, अशा पाच जणांनी भाषणे केली. प्रत्येक जण माझ्याकडे बोट दाखवून सुरुवात करायचा आणि माझ्याहून मोठ्याने रडायचा.

परतल्यावर गुरुजींच्या दारात कडुलिंबाचे पान तोंडात धरून मी उभा होतो. काकी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, बाहेर आल्या. त्यांची सगळी उमर सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळण्यात गेली होती. त्या माझ्याजवळ आल्या आणि थबकल्या. एकदा वास घेतला.

"काहून रे? डोळ्यात तंबाखू गेली?"

साऱ्या गावाला जे कळले नाही, ते त्यांना एका श्वासात कळले. मी मान खाली घातली.

"कागद वाचला का?"

"नाही, काकी."

"जा. धुऊन ये. मंग मले वाचून दाखव. मले कुठं वाचता येते!"

न्हाणीत मी डोळे धुतले. चष्मा कपड्याच्या साबणाने दोनदा धुऊन कोरडा पुसला. आणि पाहतो तर काय? ओसरीवर धुके असूनही आता काचेवर वाफ धरेना! म्हणजे जे साबणाच्या एका बोटाने साधले असते, त्यासाठी मी तंबाखू लावून गुरुजींचा अंतिम शब्द बुडवला होता.

मी घडी उघडली. तेच टपोरे, फळ्यावरचे अक्षर.

'माझ्या सभेत कोणीही खोटे रडू नये. आजारपणात जे आले नाहीत, त्यांनी भाषण करू नये. सर्वांनी लवकर घरी जावे. खळ्यावर धान पडले आहे. वाचणारा मुलगा कोरड्या डोळ्यांचा आहे. तो रडणार नाही, आणि त्याला पाहून इतर कोणी रडणार नाही, म्हणूनच हे काम त्याला दिले आहे.'

काकींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे हसू कधी मोडले, ते मला नेमके सांगता येणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अजून तंबाखू निघाली नाही का रे?"

चष्मा दोनदा धुतलेला होता. काच लख्ख होती. तरीही मी, रसायनशास्त्राचा एम.एस्सी., गंभीरपणे म्हणालो, "काही अंश राहिला असावा, काकी."