साडेनऊच्या गाडीची अमिनाबी

मी एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे. ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव सांगत नाही, कारण मला अजून रोज तिथून जावं लागतं. ढाणकीपासून अकरा किलोमीटर, एवढं पुरे.

त्या गावात उर्दू शाळा आठवीपर्यंत. पुढं शिकायचं तर ढाणकी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, हे चांगलंच आहे. पण पासला चाकं नसतात. शाळेच्या वेळेला एकच गाडी, सकाळी साडेनऊची. संध्याकाळी सव्वापाचला तीच परत. ती चुकली की काळी-पिवळी जीप, तिच्यात माणसं कोंबलेली, आणि तिथं पास चालत नाही.

अमिनाबी या गाडीची रोजची प्रवासी. सत्तरीला टेकलेली, ठेंगणी बाई, पायांत पुरुषी चपला. नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा साजिद विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याची मुलगी गझाला आठवी पास झाली तेव्हा साजिदनं सांगून टाकलं, घरचं कोणी गाडीत सोबत असेल तर पोरगी ढाणकीला जाईल, नाहीतर नाही. म्हातारी म्हणाली, "मी हाय ना." नातीची दहावी व्हावी, एवढी एकच गोष्ट तिनं डोक्यात घेतली होती.

तेव्हापासून ती रोज अर्धं तिकीट काढून ढाणकीला यायची, स्टँडवर कोपऱ्यात बसून दिवसभर उशांचे अभ्रे शिवायची आणि संध्याकाळी पोरींबरोबर परत. स्टँडवरच्या लोकांना आधी वाटलं, या म्हातारीला कोणी सोडून दिलंय. मी एकदा चिडवलं, "अमिनाबी, तुमचंबी नाव घाला नववीत."

"घातलं असतं भाऊ," ती म्हणाली, "पण मंग बाकीच्या पोरी नापास होतीन ना."

गझाला दहावीत गेली त्या वर्षी डेपोत पत्र आलं: ज्या फेऱ्यांचं भारमान कमी, त्या बंद करा. भारमान म्हणजे गाडी किती भरून धावते याचा आकडा. मीच अमिनाबीला हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं गाव हलवलं. शेजारच्या रुक्माबाईला बीपीच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात आणू लागली, एरवी ती बाई चक्कर येऊन पडल्याशिवाय दवाखाना बघायची नाही. गल्लीतल्या नलूचा दात दुखत नव्हता. अमिनाबीनं तो दुखवला. जीपची वाट बघत उभ्या असलेल्या पुरुषांना ती खिडकीतून ओरडायची, "या ना इकडं, हे गाडी काय तुमाले चावते?" गाडी भरलेली दिसू लागली. मलाही बरं वाटायचं.

आता माझं सांगतो. नियम असा की पास दाखवला की त्याचा नंबर तिकिटाच्या यंत्रात दाबायचा, म्हणजे तो प्रवासी मोजला जातो. त्या गावातून बावीस मुली चढायच्या. पाठीवर दप्तरं, मागून रेटारेटी, रस्ता खड्ड्यांचा. त्या दारातूनच पास वर धरायच्या आणि मी म्हणायचो, "दिसला, दिसला, बसा गं." पोरींना ताटकळत ठेवायचं नाही, हा माझा मोठेपणा. यंत्राच्या लेखी त्या बावीस मुली कधी गाडीत चढल्याच नाहीत. सगळेच असं करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि फेरी बंद झाली.

अमिनाबी गझालाला घेऊन डेपोत आली. डेपो मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. साहेब काही वाईट माणूस नव्हे, त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली आणि संगणकात बघून सांगितलं, "सरासरी अकरा प्रवासी. पासवाले, निरंक."

गझालानं वहीचं मागचं पान उघडलं. बावीस नावं, आणि पुढं कोण कधी हजर होती त्याच्या बारीक खुणा. साहेब माझ्याकडे वळले. "मारोतराव, एवढ्या मुली असतात?"

नोकरीची दोन वर्षं उरली होती. चौकशी, निलंबन, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. मी म्हणालो, "असतात साहेब, पण रोज एवढ्या नसतात."

"काका, रोज असतो आम्ही," गझाला हळूच म्हणाली.

साहेबांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "बाळ, मला यंत्रातलाच आकडा वर पाठवावा लागतो," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर अमिनाबी बाकावर बसली. मला वाटलं शिव्या देईल. त्या परवडल्या असत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "माहं तिकीट तुमी एक दिवस नाही सोडलं. सुट्टे नव्हते त खाली उतरवत होते मले. मंग पोरीयचंच काहून सोडलं?"

"मायेनं, अमिनाबी. अडवून काय ठेवायचं म्हणून."

"माया," ती म्हणाली. गझालाचा हात धरून जीपच्या थांब्याकडं गेली.

खरं लिहून द्यायला मला पंधरा दिवस लागले. माझी स्वतःची नात अर्पिता उमरखेडला शाळेच्या व्हॅननं जाते, व्हॅन दारात येऊन हॉर्न वाजवते. तो हॉर्न मला रोज सकाळी ऐकू यायचा आणि मी चहा अर्धा ठेवून उठायचो. शेवटी अर्ज दिला: पासांची नोंद न करणं ही माझी चूक आहे, मुली रोज होत्या. माझी चौकशी लागली, ती अजून चालू आहे. अर्ज इकडून तिकडं फिरत राहिला आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गाडी पुन्हा सुरू झाली.

पहिल्या दिवशी थांब्यावर पोरी उभ्या होत्या. अमिनाबीही होती. गझाला नव्हती.

"गझाला कुठं?"

"नेरच्या मावशीकडं. तिच्या बाळंतपणाले धाडली. साजिद म्हने शाळा सुटली, परीक्षेचा फॉर्मबी राह्यला, आता राहू दे तिकडंच. मी लय भांडलो. नाही आयकलं."

या पोरीची दहावी मी घालवली होती, साहेबांनी नाही, साजिदनं नाही. मी विचारलं, "मग तुम्ही आता कायले येता?"

तिनं सुट्टे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि पहिल्या सीटवर, दाराकडं तोंड करून बसली. "पोरी चढून राह्यल्या," ती म्हणाली. "नंबर दाबा. मी पाह्यतो."

मी एकेकीचा पास हातात घेतला, नंबर दाबला, पुढच्या मुलीला बोलावलं. मागं रेटारेटी झाली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला, तरी एकही सोडली नाही. म्हातारी बोटांवर मोजत होती.

"तेरा," शेवटची मुलगी आत आल्यावर ती म्हणाली. "बावीस होत्या."

मी घंटीचे दोन टोले दिले आणि गाडी ढाणकीकडं निघाली.