मावशीच्या पोटातला हुकूम

कचेरीतल्या एकोणीस प्रिंटरांचं सगळं शाईमामा बघायचे. नावंसुद्धा त्यांनीच ठेवलेली, चिठ्ठी चिकटवून. जाड कागद घातला की रुसणारा तो जावईबापू. तिसऱ्या मजल्यावरची मावशी. काम सांगितलं की आधी कण्हायची, मग निमूट सगळं करायची. ‘मावशीकडे पाठवलंय’ म्हटलं की कागद आणायला कुठे जायचं ते शिपायालाही कळायचं.

मग आले नवे साहेब आणि त्यांची नवी प्रणाली. ती म्हणे रोज सकाळी नेटवर्कवर हाक मारणार, प्रिंटर स्वतःच शोधणार, स्वतःच नाव देणार. जो आधी ओ देईल तो ‘एक’, त्यानंतरचा ‘दोन’. “आता माणूस लागतोच कशाला?” साहेब म्हणाले. चिठ्ठ्या खरवडून काढायला लावल्या, त्याही मामांकडूनच! आणि वर मामांना नोकरीतून मोकळं करायचा हुकूम काढला. अहो, निवृत्तीला चार वर्षं उरली होती माणसाची!

साहेबांनी हुकूम ‘चार’वर पाठवला, कारण काल चार नंबर त्यांच्या शेजारी होता. पण रोज कोण आधी जागं होईल याचा काय नेम? आज शेजारचा झाला अकरा. हुकूम निघाला भलत्याच खोलीत, आणि चुकून आलेल्या कागदाची पाठ वापरायची ही कचेरीची जुनी सवय. कुणीतरी त्यावर फोन नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुकूम, पुन्हा तेच. अख्खी कचेरी आपापले कागद शोधत जिने चढत-उतरत होती.

हुकूम हातात पडल्याशिवाय मामांना जाता येईना. ते आपले डबा घेऊन रोज हजर.

“गेली का नोकरी?” बायको संध्याकाळी विचारायची.

“अजून सापडत नाहीये,” मामा म्हणायचे, आणि दोघंही हसायची. पण रात्री जेवण काही जायचं नाही.

नवव्या दिवशी साहेब ओरडले, “पाठवलाय चारला! शोधा!” काल चार नंबर दुसऱ्या मजल्यावर होता, म्हणून सगळे तिकडे धावले. मामा तिसऱ्या मजल्यावर होते. मावशी कण्हली. नेहमीचं कण्हणं नव्हे हे, कागद अडकला होता. आज चार नंबर कोण ते मामांना लख्ख कळलं. गप्प बसले असते तर आणखी एक दिवस नोकरी होती.

पण ते कण्हणं त्यांना ऐकवेना. डाव्या हाताने झडप धरली, उजव्याने कागद हळूच ओढला. “झालं हो मावशी, झालं.” मावशीने सुस्कारा टाकला आणि हुकूम नव्याने छापून बाहेर दिला. स्वच्छ, एकही डाग नाही.

मामांनी तो स्वतः नेऊन साहेबांना दाखवला. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग हळूच विचारलं, “अडकलेला काढला कसा?” मामांनी सगळं सांगितलं, मावशीला म्हणायच्या शेवटच्या वाक्यासकट. साहेबांनी ते लिहून घेतलं.

मामा पिशवी घेऊन जिना उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच वरून कागद चुरगळल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ साहेबांचा घाबरलेला आवाज, “झालं हो मावशी, झालं…”

मामांचा पाय थबकला. डोळे भरून आले.

“डावा हात, साहेब!” ते खालूनच ओरडले. “झडपेला डावा!”